मिडियम

रुचिकाने मोबाईल नाकाशी आणून धरला तेव्हा सुषमा रविवारची मेथी निवडत बसली होती. "मम्मी, ही घेऊ? बघ ना, कसली बसलीय तिला." मोरपंखी रंगाची कुर्ती होती, गळ्याशी बारीक पांढरी जर. सुषमाने सवयीने आधी खांद्याची शिवण पाहिली, मग काखेतली घडी, मग कमरेशी कापड कुठं ओढतंय का ते. कुठंच ओढत नव्हतं. घालणारी मुलगी गोरीपान, केस एका खांद्यावर सोडलेले, ओठ जरासे विलग, आणि मागे परदेशातली वाटावी अशी दगडी गल्ली, तिथल्या खिडक्याखिडक्यांतून लाल फुलं. रुचिका बोटाने फोटो सरकवत होती. समोरून, बाजूने, पाठीकडून, पुन्हा समोरून. त्या शेवटच्या फोटोत मुलीचा डावा हात मांडीवर टेकला होता आणि त्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांशी न जुळता, किंचित वाकून, बाहेरच राहिली होती. सुषमाच्या हातातली काडी हातातच राहिली. माहेरी, चिखलोलीला, बापाच्या बैलगाडीच्या दांडीखाली सापडलेली करंगळी. स्वतःच्या हाताकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. हात तिचा होता, मनगट तिचं होतं, गळपट्टीच्या वर जेमतेम दिसणारा मानेचा खळगा तिचा होता, आणि त्याच्या वर हनुवटी सुरू होत होती ती कुणाचीच नव्हती.

"पोटच नाहीये बघ तिला," रुचिका म्हणाली. "मला नाही असं बसणार." ती बापाच्या वळणावर गेली होती, खांद्याने रुंद, हाडापेराने मोठी. सुषमाला एकदम सांगावंसं वाटलं, अगं, ती मी आहे. शब्द अगदी दाताशी आले. पण ते कसे ऐकू येतील ते तिला आधीच ऐकू आलं. अंगात घरातला ढगळ गाऊन, केसांना तेल, मांडीवर मेथीचं ताट, आणि म्हणायचं काय, तर ती मी. "लार्ज घे," ती म्हणाली. "नको. मिडियमच मागवते. येईपर्यंत बारीक होते ना. आजपासून रात्रीचं जेवण बंद." आणि रुचिकाने मिडियमवर बोट ठेवलं.

मिडियम. हा शब्द घरात कुणी उच्चारला की सुषमाला अजूनही हाक मारल्यासारखं व्हायचं. लग्नाआधी ती उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका कारखान्यात धागे कापायला लागली होती. खाली मोठ्या सेठचं दुकान, वर दोन माळे मशिनी, गाऊन आणि पंजाबी ड्रेस. कैची घेऊन दिवसभर मान खाली. एकदा कटिंगच्या चंदू मास्टरला नवा नमुना कुणाच्या तरी अंगावर पाहायचा होता आणि हाताशी तीच होती. तिने कपड्यांवरूनच तो ड्रेस चढवला. मास्टरने तिला वळवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि कुठंच न लावता पुन्हा तोंडात ठेवल्या. "सेठ," त्याने खाली हाक मारली होती, "जरा वर या. हिला हात लावायची गरज नाही." सेठ वर आला, चष्म्यातून बघत राहिला आणि म्हणाला, "मास्टर, यही अपना मिडियम है." त्या दिवसापासून तिच्या हातातली कैची गेली. नवा नमुना निघाला की वरून ओरड यायची, मिडियमला पाठवा. ती उभी राहायची, मास्टर तिच्याभोवती फिरायचा, आणि तिच्या अंगावर जे ठरेल त्याच्यावरून बाकीची मापं निघायची, लहान लहान होत जायचं आणि मोठं मोठं. जळगावच्या, नागपूरच्या, इंदूरच्या बाजारातल्या बायका जे अंगात घालायच्या ते आधी तिच्या खांद्यावरून उतरलेलं असायचं. कधी बसमध्ये पुढच्या सीटवर एखादी बाई हात वर करून दांडा धरायची आणि सुषमाला काखेतली ती घडी ओळखू यायची. आपण हात वर करून दाखवला होता म्हणून ही बाई आज हात वर करू शकतेय, असं काहीतरी तिला वाटायचं, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी गोष्ट नव्हती. सासरी तिने 'चेकिंगला आहे' एवढंच सांगितलं होतं. विकासला, नवऱ्यालाही, तेवढंच. कारखान्यात परपुरुष टेप लावतो हे वाक्य घरात कसं ठेवायचं ते तिला इतक्या वर्षांत जमलं नाही.

आणि ते अंग सांभाळायचं म्हणजे तरी काय! चिखलोलीला गेलं की आई, मोतीबाई, ताट पुढे सारायची. आईचं लुगडं मांड्यांपर्यंत कसलेलं. भाताच्या खाचरात ती तशीच उतरायची, बाजारात तशीच जायची. त्या लुगड्याला साईज नव्हती. ती पोटुशी राहिली, बारीक झाली, म्हातारी झाली, लुगडं तेच. "जेव गो," ती दंडाचं हाड चाचपत म्हणायची, "हारां दिसतान तुजी." आणि सुषमा भाकरीचा कोपरा मोडून ताट मागे करायची. हळदीच्या मांडवात सगळ्या बायका मटणाच्या पंगतीला बसलेल्या असायच्या आणि ही वाढत फिरायची, म्हणजे बसावं लागू नये. रुचिकाच्या वेळी पोट उतरेना, तर तिने जुन्या साडीचा पट्टा करून तो इतका घट्ट आवळला की दूध पाजताना श्वास पुरायचा नाही. कामावर परत गेली त्या दिवशी मास्टरने टेप लावली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. त्याने टेप गळ्यात टाकली आणि म्हणाला, "आहे तेच आहे." त्या रात्री तिने आनंदाने जेवण टाळलं होतं. पुढे ती सवयच झाली. संध्याकाळी भांड्यात काय उरलंय ते झाकण न काढता वासावरून ओळखायचं आणि विकासला वाढायचं. भूक नाही असं इतक्या वेळा म्हटलं की घरात ते तिचं स्वभाववैशिष्ट्य ठरून गेलं. मम्मीला भूकच लागत नाही.

लॉकडाऊनमध्ये मोठे सेठ गेले. भूपेशने, त्यांच्या मुलाने, धंदा मोबाईलवर आणला. बाहेरगावचे व्यापारी पूर्वी थैल्या घेऊन वर चढायचे, कापड बोटांत चुरगळून बघायचे, सुषमाला फिरायला सांगायचे. ते यायचे बंद झाले. त्यांच्या जागी फोटो आले. पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहायचं, तोंड नाही, फक्त हनुवटीखालचं. "दीदी, चेहरा नहीं आएगा," भूपेश म्हणाला होता, आणि ती त्या एका अटीवर उभी राहिली होती. चेहरा येणार नाही म्हणजे आपण त्यात नाही, असं तिने तेव्हा मनाशी धरलं होतं. आता त्याच रिकाम्या जागेवर त्यांनी कुणालातरी आणून बसवलं होतं. चेहरा नको हे तिचंच म्हणणं. मग नेमकं चुकलं काय त्यांचं? मेथी निवडून झाली, भाजी फोडणीला गेली, रुचिका ताटावर न येता आत आडवी पडली, आणि सुषमाला ते चुकलेलं नेमकं कुठं आहे ते बोटाने दाखवता येईना. दाताखाली केस आल्यासारखं ते रात्रभर राहिलं.

सोमवारी ती अंबरनाथ पूर्वेहून रिक्षाने निघाली, कॅम्प चारला रिक्षा बदलली. वाटेतल्या नाल्याला कधीकाळी जीन्सच्या धुलाईची निळाई असायची; आता तो नुसता काळा होता. बोलायचं काय ते ती वाटभर जुळवत होती. भूपेशसेठ, मला न विचारता. भूपेशसेठ, माझ्या मुलीने ती कुर्ती. प्रत्येक वाक्य रिक्षाच्या एका धक्क्यासरशी मोडत होतं. कारखान्यात वरच्या माळ्यावरच्या मशिनी निम्म्याहून कमी उरल्या होत्या. बाकी सगळीकडे लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि कोपऱ्यात लोकांनी परत पाठवलेल्या पिशव्यांचा ढीग. चंदू मास्टर आपल्या लांब टेबलाशी बसला होता. टेबलावर कापड नव्हतं; कटिंग आता कंप्युटरच्या मशिनवर व्हायचं. त्याने तिला पाहून मान हलवली.

"अरे दीदी, मैं फोन ही कर रहा था," भूपेश केबिनमधून बाहेर आला. चांगला होता तो, बापापेक्षा मऊ बोलायचा. मागे नेत्रा उभी होती, डिझायनिंग शिकून आलेली बदलापूरची मुलगी, हातात लॅपटॉप.

"तो फोटो," सुषमा म्हणाली. "मोरपंखी कुर्तीचा. त्यावर तोंड कुणाचं लावलंत?"

"कौनसा? हां, वो!" तो हसला. "किसी का नहीं है, दीदी. कंप्युटरने बनवलंय. अशी बाई जगात नाहीच. चेहऱ्याशिवाय माल उठत नाही आता, कस्टमरला चेहरा पाहिजे. और आपको तो चेहरा नहीं चाहिए था ना?"

"पण बाकी माझं आहे."

"हां तो! आपका ही है. किसको मालूम पडेगा?"

तेच तर, असं तिला म्हणायचं होतं. पण ते मोठ्याने म्हटलं असतं तर त्याचा अर्थ, हिला लोकांना कळायला हवंय, असा झाला असता. आणि कळायला हवं होतं का? विकासला? सासूला? ती तिथेच अडकली. भूपेशने ते गप्प बसणं संमतीत धरलं आणि नव्या गोष्टीकडे वळला. आता नमुने शिवून पाहायची गरज नाही. एकदा अंगाचं चारही बाजूंनी माप कंप्युटरात घेतलं की सगळे कपडे तिथेच चढवून बघता येतील. शिवायचं फक्त ऑर्डर आल्यावर. पूर्वी एक डिझाईन वर्षभर चालायचं, आता पंधरा दिवसांत जुनं होतं, तेवढ्यात फिटिंग कोण करत बसणार? "एकदाच उभं राहायचं. फिर आपको तकलीफ ही नहीं."

"या ताई," नेत्रा म्हणाली. आणि सुषमा गेली. नंतर तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. भांडायला आली होती, पण कुणी 'उभ्या राहा' म्हटलं की पाय आपोआप जुळायचे. पडद्यामागे तिने अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले. नेत्राने तिला दोन्ही हात थोडे लांब धरायला लावले आणि फोन घेऊन तिच्याभोवती हळूहळू फिरली. मास्टर फिरायचा तेव्हा त्याच्या अंगाला खडूचा आणि विडीचा वास यायचा, टेप थंड लागायची, तो पुटपुटायचा. इथं काहीच लागलं नाही. सुषमाने पोट आत घेऊन ठेवलं होतं आणि दम कोंडून ती समोरच्या मांडणीवरच्या पिशव्या बघत होती.

लॅपटॉपवर एक राखाडी अंग उमटलं. डोकं नव्हतं. ते सावकाश गोल फिरत होतं, भट्टीतून काढलेल्या मूर्तीसारखं. शेजारी आकडे भरत गेले आणि सगळ्यांखाली एक अक्षर येऊन थांबलं. नेत्राने भुवया उंचावल्या, काहीतरी पुन्हा दाबलं. तेच अक्षर आलं.

"सर, एल दाखवतंय."

"क्या?" भूपेश वाकला. "अरे दीदी! आप तो लार्ज निकली!" तो मनापासून हसला, पिशव्या भरणाऱ्या दोघीही हसल्या. "मास्टर! इतने साल किसको मिडियम बोल के बैठे थे?"

चंदू मास्टर उठला नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाला, "टेप जुनी झाली असेल."

"चलो, कोई बात नहीं. नेत्रा, बॉडी यही रखो, नॅचरल है. मिडियम में ले लो. होईल ना?"

"हो सर." नेत्राचं बोट सरकलं आणि पडद्यावरचं अंग बारीक झालं. पोट आत गेलं, दंड उतरले, कमरेच्या मागची ती जाड घडी, जी रुचिकाच्या वेळेपासून होती, ती पुसून गेली. एवढी वर्षं लागली होती ज्याला, जे जमलं म्हणून ती मनातल्या मनात ताठ चालत होती, आणि आता कळत होतं की जमलंच नव्हतं, ते त्या मुलीने बसल्या जागी केलं.

"काढून टाका ते," सुषमा म्हणाली.

"क्या हुआ?"

"काढून टाका. ते माझं आहे. जे आहे ते आहे, त्याला बारीक करू नका, आणि ठेवूही नका." तिचा आवाज चढला होता, मशिनी थांबल्या. "आणि ते तोंडाचे फोटोपण."

भूपेश रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. "दीदी का मन नहीं तो नहीं. नेत्रा, डिलीट कर दो सब." नेत्राने कुठंतरी दाबलं. पडदा रिकामा झाला. "बस? खूश? उद्यापासून पॅकिंगला बसा, पगार वही रहेगा. आराम का काम है." सुषमा त्या रिकाम्या पडद्याकडे बघत उभी राहिली. गेलं का ते? कुठं गेलं? फोनमधले पुसलेले फोटो रुचिका कुठून कुठून परत आणायची. कपडा असता तर तिने दातांनी फाडला असता.

चंदू मास्टर खाली चहाच्या टपरीवर आला तेव्हा ती बाकावर बसलेली होती. त्याने दोन चहा सांगितले आणि शेजारी बसला, मधे एका माणसाची जागा सोडून, जसा तो नेहमी बसायचा.

"टेप जुनी नव्हती, मास्टर," ती म्हणाली.

त्याने विडी पेटवली. "मोठे सेठ बोलले होते दुसरी बघा," मग म्हणाला. "पोरगी झाली तुला तेव्हा. मी बोललो, कशाला, माप तेच आहे, मी घेतलंय ना. आता बोलून बसल्यावर तेच ठेवायला नको का? मग नमुनाच जरा बाहेर घेतला, सैल केला. नंतर अजून जरासा. तू जशी, तसा तो."

"म्हणजे मिडियम…"

"तुझ्यामागनं नेत गेलो. तक्रार नाही आली कुणाची. उलट ते जळगाववाले सांगायचे, तुमचा मिडियम आरामशीर असतो, बायका मागून नेतात."

सुषमाने ग्लास हातात धरून ठेवला. तिला दिसायला लागल्या त्या बायका, गावोगावच्या, तिच्यासोबत नकळत रुंद होत गेलेल्या, दोन पोरं झाल्यावरसुद्धा आपण अजून मिडियमच आहोत म्हणून दुकानातल्या आरशात जरा हसलेल्या. हे कुणीतरी आपल्यासाठी केलं, गुपचूप, वर्षानुवर्षं, टाचण्या तोंडात धरून. तिला भरून यायला हवं होतं. पण पोटातून वर आलं ते वेगळंच होतं. हळदीच्या पंगती आल्या, आईने पुढे सारलेलं ताट आलं, तो साडीचा पट्टा आला, झाकण न काढता ओळखलेले वास आले, एकामागून एक, आणि ते संपेनात.

"मग सांगायचं ना, मास्टर," ती म्हणाली. "मी जेवले असते."

मास्टरने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "मला वाटलं, तुझी तब्येतच तशी," तो म्हणाला. मग त्याने चहाचे पैसे दिले. उठताना त्याने विचारलं, "उद्या येशील?" तिने बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि पॅकिंगला बसली, कारण जायचं नाही तर करायचं काय हेही तिला सुचलं नव्हतं. पिशवीत कपडा घालायचा, वर साईजचा कागद चिकटवायचा. प्रत्येक 'एम' चिकटवताना तिचं बोट जरा जास्त दाबायचं.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा रुचिका आरशापुढे उभी होती. पार्सल आलं होतं. मोरपंखी कुर्ती दंडावर अडकली होती, छातीवर ताणून बसली होती, खाली उतरायला तयार नव्हती. रविवारपासून पोरगी रात्रीची जेवली नव्हती. डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"बघितलंस? जाडी आहे मी. तिला बघ आणि मला बघ."

"रुचिका, ती फोटोतली मी आहे."

रुचिकाने वळून पाहिलं आणि रडत होती तरी तिला हसू फुटलं. "चल ना मम्मी, काहीपण." ती थट्टा नव्हती, आई आपल्याला हसवायला बघतेय एवढंच तिला समजलं होतं. सुषमाने ती वाकडी करंगळी पुढे करून दाखवली नाही. मग म्हणाली, "काढ ती. उसवून देते बाजूने, बसेल." कपाटातून तिने उसवायची सुई काढली, चष्मा लावला, खिडकीशी बसून कुर्ती उलटी केली. शिवणीच्या कडेला बोट लावलं आणि बोट थेट काठावरच गेलं. दुसरी बाजू पाहिली, बाही पाहिली, खांदा पाहिला. कंप्युटरने कापड दोऱ्याइतकं जवळून कापलं होतं. उसवून सैल करायला शिंपी आत जे बोटभर कापड राखून ठेवतो, माया म्हणतात ज्याला, ती कुठंच सोडलेली नव्हती. उसवलं असतं तर नुसती दोन फडकी हातात आली असती.

तिने कुर्ती गोळा करून पिशवीत कोंबली. "परत पाठव."

"आणि मग मी काय घालू?"

"ते बघू. आधी जेवायला चल."

"मला भूक नाहीये."

"मला आहे," सुषमा म्हणाली, आणि पातेल्यावरचं झाकण काढून तिने दोन ताटं घेतली.